समुद्रातील पवनचक्क्यांची रोहित्रे का बिघडतात?

रात्री खोलीत पूर्ण अंधार असताना पंख्याचे बटण बंद करून पाहा. बटणाच्या फटीतून निळसर ठिणगी क्षणभर चमकून जाते. जवळ जुना रेडिओ लावलेला असेल, तर त्याच क्षणी त्यातून 'खट्' असा आवाजही येतो. आता तुम्ही म्हणाल, बटण तर आपण बंद केले, वीज थांबवली. मग ठिणगी कसली? विजेचा प्रवाह थांबवताना ठिणगी का पडावी?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराचा धागा धरून आपण थेट उत्तर समुद्रात, डेन्मार्कच्या किनाऱ्यापर्यंत जाणार आहोत. तिथे एकदा 80 प्रचंड पवनचक्क्यांचे माथे उतरवून दुरुस्तीसाठी जमिनीवर आणावे लागले होते.

हॉर्न्स रेव्हची गोष्ट

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचा पहिला मान डेन्मार्ककडे जातो. 1991 साली विंडेबी या गावाजवळच्या उथळ पाण्यात 11 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीची क्षमता होती 450 किलोवॉट. तो प्रयोग यशस्वी झाला, आणि 2002 साली डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यापासून 14 ते 20 किलोमीटर दूर, हॉर्न्स रेव्ह नावाच्या वाळूच्या उथळीवर 80 पवनचक्क्या बसवण्यात आल्या. प्रत्येकीच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास 80 मीटर आणि क्षमता 2 मेगावॉट. म्हणजे एकूण 160 मेगावॉट. त्या काळी एवढे मोठे समुद्री पवनकेंद्र जगात दुसरे नव्हते.

पण दोनच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. पाती ठीक होती, मनोरेही लाटांना तोंड देत भक्कम उभे होते. बिघडत होती ती आतली विजेची यंत्रे, विशेषतः रोहित्रे, म्हणजे ज्यांना आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो ती. अखेर 2004 साली सर्वच्या सर्व 80 पवनचक्क्यांचे माथे जहाजांवरील याऱ्यांनी उतरवून किनाऱ्यावर आणले गेले, दुरुस्त केले गेले आणि पुन्हा चढवले गेले. कोपनहेगन शहरासमोरच्या मिडेलग्रुंडेन येथील 20 पवनचक्क्यांचा अनुभवही असाच होता. तिथलीही बरीच रोहित्रे बदलावी लागली.

रोहित्र हे तर अतिशय विश्वासू यंत्र. त्यात फिरणारा, झिजणारा एकही भाग नसतो. गावाच्या वेशीवर खांबांवर बसवलेले रोहित्र ऊन, पाऊस, वादळ सोसत वर्षानुवर्षे गुणगुणत असते. मग समुद्रात त्याला काय झाले?

मुळात रोहित्र कशाला?

पवनचक्कीतील जनित्र साधारणपणे 690 व्होल्ट दाबाची वीज तयार करते. 2 मेगावॉट शक्ती या दाबाने वाहून न्यायची, तर त्रिकला तारांतून सुमारे 1,700 अँपिअर प्रवाह न्यावा लागेल. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. म्हणून रोहित्राने दाब वाढवून 34,000 व्होल्ट केला जातो. दाब जवळजवळ 49 पट वाढला, की तेवढ्याच शक्तीसाठी लागणारा प्रवाह 49 पट कमी होतो, म्हणजे फक्त 34 अँपिअर. त्याच तारेतील उष्णतेचा व्यय तर 49 गुणिले 49, म्हणजे सुमारे 2,400 पटींनी घटतो! दाब न वाढवता ही वीज किनाऱ्यावर आणणे म्हणजे फुटक्या घागरीतून पाणी आणण्यासारखे होईल.

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारासारख्या ठिकाणी तुम्ही गेलात, तर जमिनीवरच्या पवनचक्क्यांची रोहित्रे सहसा मनोऱ्याच्या पायथ्याशी, बाहेर चौथऱ्यावर ठेवलेली दिसतील. समुद्रात अशी मोकळी जागा कुठून आणणार? तिथे रोहित्र मनोऱ्याच्या आत किंवा थेट माथ्यावरच्या खोलीत, जनित्राच्या शेजारी, बसवावे लागते. हॉर्न्स रेव्हमध्ये ते माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 70 मीटर उंचीवर होते. तेलाने भरलेले रोहित्र पेटले तर भडका उडेल, म्हणून अशा जागी 'कोरडे' रोहित्र वापरण्याची पद्धत पडली. त्यातील तारांच्या गुंडाळ्या इपॉक्सी नावाच्या कठीण राळेत ओतून घट्ट बसवलेल्या असतात.

निरोधकावरचा ताण

रोहित्राचे आयुष्य तांब्यावर किंवा लोखंडावर अवलंबून नसते. ते अवलंबून असते तारांच्या वेढ्यांमधील निरोधकावर, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या राळेवर, कागदावर किंवा तेलावर. प्रत्येक निरोधकाची सहनशक्ती ठरलेली असते. कोरडी हवा एका मिलिमीटरला सुमारे 3,000 व्होल्ट सोसते. त्याहून जास्त झाले की ठिणगी पडते. राळेची सहनशक्ती हवेपेक्षा पुष्कळ जास्त असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ताण नुसत्या व्होल्टवर ठरत नाही, तर ते व्होल्ट किती जाडीवर विभागले गेले आहेत यावर ठरतो. हजार व्होल्ट एक सेंटिमीटर जाडीवर पसरले तर काही बिघडत नाही. तेच केसाएवढ्या जाडीवर एकवटले तर निरोधक फाटू शकतो.

राळ ओतताना तिच्यात हवेचा एखादा सूक्ष्म बुडबुडा राहिला, तर काय होईल? विद्युत्क्षेत्र अशा पोकळीत आजूबाजूच्या राळेपेक्षा जास्त तीव्र होते, आणि तिथल्या हवेची सहनशक्ती मात्र राळेपेक्षा कमी. म्हणजे सर्वांत दुबळ्या जागेवरच सर्वांत जास्त भार! परिणामी त्या बुडबुड्यात बारीक बारीक ठिणग्या पडू लागतात. याला आंशिक विसर्जन म्हणतात. यंत्र चालूच राहते, बाहेरून काही कळत नाही. पण वाळवी लाकूड पोखरते त्याप्रमाणे त्या ठिणग्या राळेला आतून पोखरत राहतात.

बटण आणि लाट

आता आपल्या पंख्याच्या बटणाकडे परत येऊ. पंख्याच्या मोटारीत तारेची गुंडाळी असते. गुंडाळीतून प्रवाह वाहत असताना तिच्या भोवती चुंबकीय क्षेत्र असते, आणि त्यात ऊर्जा साठलेली असते. आपण प्रवाह एकदम तोडला, तर ही ऊर्जा जाणार कुठे? ऊर्जा नष्ट होत नाही. गुंडाळी प्रवाह चालू ठेवण्याची धडपड करते, त्यासाठी टोकांपाशी मोठा दाब निर्माण करते, आणि बटणाच्या उघडत्या फटीतून ठिणगी उडी मारते. धावत्या सायकलला एकदम ब्रेक लावला, की स्वार पुढे फेकला जातो, तसाच हा प्रकार.

पवनकेंद्रातही बटणे असतात. फक्त ती मोठी असतात. त्यांना सर्किट ब्रेकर म्हणतात. मोठ्या समुद्री केंद्रांत निर्वात ब्रेकर सर्रास वापरतात. त्यांत दोन धातूंची टोके निर्वात नळीत एकमेकांपासून दूर होतात. हे ब्रेकर आटोपशीर असतात, त्यांची निगाही फारशी राखावी लागत नाही. पण त्यांचा एक स्वभाव आहे. आपला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, आणि प्रवाह तोडण्याची सोयीची वेळ तीच. निर्वात ब्रेकर मात्र कधी कधी शून्याची वाट न पाहता, थोडा प्रवाह शिल्लक असतानाच तो तोडून टाकतो. मग गुंडाळीतील ऊर्जा दाबाच्या रूपाने उसळते. टोकांमधील फट अजून लहान असेल, तर तिथे पुन्हा ठिणगी पडते, ब्रेकर ती विझवतो, दाब पुन्हा चढतो, पुन्हा ठिणगी. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत हे अनेकदा घडते. प्रत्येक ठिणगीबरोबर दाबाची एक तीव्र लाट केबलमधून निघते आणि रोहित्राकडे धावते.

केबलमधून ही लाट सेकंदाला सुमारे दीड ते दोन लाख किलोमीटर वेगाने जाते. हॉर्न्स रेव्हमध्ये दोन पवनचक्क्यांत 560 मीटर अंतर होते. ते अंतर कापायला लाटेला सुमारे 3 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे केवळ 3 दशलक्षांश, पुरतात.

रोहित्रापाशी पोचल्यावर काय होते, ते पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. सरळ कडांच्या लांबट टबात पाणी घ्या आणि एका टोकाला फळीने हलकीशी लाट उठवा. पाण्याच्या मध्यभागी लाटेची जेवढी उंची असते, त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच पाणी समोरच्या भिंतीला लागताना चढते. येणारी लाट आणि भिंतीवरून परतणारी लाट तिथे एकमेकींत मिसळतात. विजेच्या लाटेला रोहित्राची गुंडाळी अशीच भिंतीसारखी वाटते. त्यामुळे रोहित्राच्या तोंडाशी दाब जवळजवळ दुप्पट होतो. (हा प्रयोग पाण्याचाच करावा. घरातील विजेशी असले प्रयोग कधीही करू नयेत.)

समुद्रात आणखी एक भर पडते. जमिनीवर पुष्कळदा उघड्या तारा असतात, समुद्रतळाशी मात्र केबलच लागते. केबलमधील तार आणि तिच्यावरचे धातूचे वेष्टन एकमेकांच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे केबल म्हणजे एक लांबलचक धारित्रच होते. उघडी तार आकस्मिक लाटेला सुमारे 400 ओहम विरोध दाखवते. केबलचा विरोध त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. म्हणून केबलमधून आलेली लाट रोहित्रावर हळूहळू न चढता कड्यासारखी उभी चढते. या उभेपणातच खरा घात आहे.

पहिल्या वेढ्यांवर सारा भार

रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडताना तुम्ही पाहिले असेल. इंजिनाने हळूच रेटले, तर सगळे डबे एकदम सरकू लागतात आणि रेटा सर्वांत सारखा वाटला जातो. पण इंजिनाने जोरात धक्का मारला, तर पहिल्या डब्याला दणका बसतो. शेवटच्या डब्याला त्याची वार्ताही उशिराच कळते.

रोहित्राच्या गुंडाळीचेही तसेच आहे. असे समजा, की एका गुंडाळीत 2,000 वेढे आहेत आणि तिच्यावर 20,000 व्होल्ट दाब आहे. नेहमीचा 50 हर्ट्झचा दाब सावकाश चढतो-उतरतो, म्हणून तो सर्व वेढ्यांत समान वाटला जातो. प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला येतात फक्त 10 व्होल्ट. शेजारच्या दोन वेढ्यांमधील पातळ निरोधकाला एवढा ताण म्हणजे काहीच नाही.

पण एकदम उभी लाट आली, तर गुंडाळीतून प्रवाह वाहू लागायलाच वेळ मिळत नाही. प्रवर्तनामुळे गुंडाळी अशा झटपट बदलाला वाट देत नाही. मग लाट दुसरी वाट धरते. शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये थोडी धारिता असते, तसेच प्रत्येक वेढा आणि जमिनीला जोडलेला लोखंडी गाभा यांच्यातही असते. या धारितांमधून लाट आत शिरते आणि शिरता शिरता जमिनीकडे गळत जाते. भोके पडलेल्या पाण्याच्या नळात सुरुवातीलाच दाब ओसरतो, तसा येथेही बहुतेक दाब पहिल्या काही वेढ्यांतच खर्ची पडतो.

हिशेब करून पाहू. गुंडाळीची जमिनीशी असलेली एकूण धारिता ही तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या धारितेच्या 100 पट असेल, तर पहिल्या वेढ्यांवर सरासरीच्या 10 पट ताण येतो. हा आकडा 100 चे वर्गमूळ आहे. आता 20,000 व्होल्टची लाट आली, रोहित्रापाशी ती दुप्पट होऊन 40,000 झाली. सरासरी वेढ्यामागे 20 व्होल्ट. पण पहिल्या वेढ्यांवर 200 व्होल्ट! नेहमीच्या 10 व्होल्टच्या वीसपट. एका धक्क्याने कदाचित काही होणार नाही. पण वारा पडला, वाढला, दुरुस्ती निघाली, की ब्रेकर पुन्हा पुन्हा चालू-बंद होतात, आणि दर वेळी मार खातात ते तेच पहिले वेढे.

येथे एक कोडे उभे राहते. ही रोहित्रे कारखान्यात कडक चाचणी देऊन बाहेर पडतात. 36,000 व्होल्ट गटातील रोहित्रावर 170,000 व्होल्टपर्यंतचा कृत्रिम विजेचा झटका देऊन पाहतात. मग ती नापास कशी झाली? उत्तर वेळेत दडले आहे. चाचणीतील झटका कळसाला पोचायला 1.2 मायक्रोसेकंद घेतो, कारण ती चाचणी आकाशातील विजेचा विचार करून ठरवलेली आहे. निर्वात ब्रेकर आणि केबल यांच्या जोडीतून येणारी लाट मात्र त्याच्या दशांशाहूनही कमी वेळात उभी राहू शकते. तिची उंची कमी असेल, पण चढ फार तीव्र. परीक्षेत एक प्रश्न विचारला गेला, आणि समुद्राने दुसराच विचारला!

झोपाळा आणि खारी हवा

झोपाळ्याला योग्य वेळी हलके हलके झोके दिले, तरी तो उंच जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. केबलमध्ये लाट दोन टोकांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करते. 560 मीटर लांबीच्या केबलमध्ये ही आंदोलने सेकंदाला सुमारे 70 ते 90 हजार होऊ शकतात. रोहित्राच्या गुंडाळीचीही स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. दुर्दैवाने दोन्ही जुळल्या, तर बाहेरून बेताचा वाटणारा दाब गुंडाळीच्या आत कुठेतरी भलताच चढतो.

त्यात भर हवेची. समुद्राच्या हवेतील मीठ पृष्ठभागांवर बसते, दमटपणाने ओले होते आणि वीज गळण्यास वाट देते. वारा कधी जोराचा, कधी मंद. त्याबरोबर रोहित्र तापते आणि निवते. धातू आणि राळ सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून राळेत बारीक तडे जाऊ शकतात. निरोधकाचे तापमान दर 6 ते 10 अंश सेल्सिअसने वाढले, की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

हॉर्न्स रेव्हच्या बाबतीत निर्मितीतील दोष आणि समुद्री हवा ही कारणे पुढे आली. काही संशोधकांनी ब्रेकरमधून उठणाऱ्या तीव्र लाटांकडेही बोट दाखवले. खरे पाहता ही कारणे एकमेकांची वैरी नव्हेत. बुडबुडा असलेली, खारावलेली, तापलेली राळ लाटेला आधी बळी पडणार, हे उघड आहे.

मग उपाय काय?

पहिला विचार सुचतो तो तडित्रोधकाचा. झिंक ऑक्साइडच्या चकत्यांचा हा रोधक नेहमीच्या दाबाला अडवून धरतो, पण दाब मर्यादेबाहेर गेला की जादा भार जमिनीत सोडतो. तो रोहित्राच्या अगदी जवळ बसवावा लागतो. पण तो लाटेचे शेंडे छाटतो, तिचा चढ कमी करत नाही! म्हणून त्याच्या जोडीला धारित्र आणि रोध यांची जोडणी बसवतात. धारित्र भरायला वेळ लागतो, त्यामुळे उभ्या कड्याचा उतार होतो. आणि रोध आंदोलनांतील ऊर्जा पिऊन टाकतो. काही ठिकाणी लहानशी गुंडाळी तारेच्या वाटेत बसवूनही चढ मंद करतात.

रोहित्राची रचनाही बदलता येते. वेढ्यांचा क्रम एकमेकांत विणल्यासारखा केला, तर वेढ्यांमधील धारिता वाढते आणि दाब अधिक समान वाटला जातो. तेलाच्या बाबतीत, सहज न पेटणारी एस्टर जातीची तेले आता वापरात आहेत; त्यांचा ज्वलनांक 300 अंश सेल्सिअसच्या वर असतो. तेलाचा दुसरा फायदा असा, की त्यातून रोहित्राची नाडी तपासता येते. आत ठिणग्या पडू लागल्या, की तेलात हायड्रोजन, ॲसिटिलीन असे वायू विरघळतात. डॉक्टर रक्त तपासतात तसे ते तेल तपासले, म्हणजे दुखणे विकोपाला जाण्याआधी कळते.

ही दक्षता समुद्रात इतकी मोलाची का? जमिनीवर रोहित्र जळले, तर मालमोटार आणि यारी घेऊन माणसे लगेच निघू शकतात. समुद्रात लाटा दीड मीटरच्या वर गेल्या, की नेहमीच्या लहान बोटीतून मनोऱ्यावर पाऊल ठेवणेही धोक्याचे होते. हिवाळ्यात शांत दिवसाची वाट पाहत बसावे लागते. डेन्मार्कच्याच निस्टेड येथे 72 पवनचक्क्यांची वीज एकाच मोठ्या रोहित्रातून किनाऱ्यावर येत असे. 2007 साली ते बिघडले, आणि चांगल्या धडधाकट 72 पवनचक्क्या काही महिने नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणून आता पुष्कळ केंद्रांत एकाऐवजी दोन किंवा अधिक रोहित्रे ठेवतात. एक गेले, तरी निदान काही वीज येत राहते.

आज 15 मेगावॉटच्या, 230 मीटरहून मोठ्या वर्तुळाच्या पवनचक्क्या समुद्रात उभ्या राहत आहेत आणि त्यांतील रोहित्रे 66,000 व्होल्टपर्यंत दाब चढवतात. भारतानेही 2015 साली समुद्रातील पवन ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले असून गुजरात आणि तमिळनाडूचे किनारे त्यासाठी निवडले आहेत. तिथे आपल्याकडच्या खाऱ्या हवेच्या जोडीला पावसाळाही असेल. उद्या ती रोहित्रे रचणारे अभियंते कदाचित तुमच्यापैकीच कोणी असतील.

तोवर एक प्रश्न सोडवून पाहा. 15 मेगावॉटची वीज 690 व्होल्टने नेली तर त्रिकला तारांत किती प्रवाह लागेल, आणि 66,000 व्होल्टने नेली तर किती? उष्णतेचा व्यय किती पटींनी कमी होईल? उत्तर काढताना 2 मेगावॉटचा वरचा हिशेब उपयोगी पडेल. आणि रात्री पंखा बंद करताना ती निळी ठिणगी दिसली, तर आता तिच्याकडे जरा आदराने पाहा.